माफी आणि मुक्ती

गेल्या काही वर्षांत आपल्या विदर्भात दोन शब्द सारखे कानावर येतात. कर्जमाफी आणि कर्जमुक्ती. २००८ साली केंद्र सरकारने कर्जमाफी दिली, २०१७ साली राज्य सरकारने दिली, आणि २०१९ च्या डिसेंबरात जी योजना जाहीर झाली तिच्या नावातच 'कर्जमुक्ती' हा शब्द होता. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे शब्द बदलला की माझे कान टवकारतात! माफी म्हणजे आजवरचं देणं सोडून दिलं. मुक्ती म्हणजे देण्याच्या फेऱ्यातूनच माणूस सुटला. सातबारा कोरा झाला, पण पाऊस तसाच, कपाशीचा भाव तसाच, बियाण्याचा आणि फवारणीचा खर्च तसाच राहिला तर दोन-तीन हंगामांत बोजा पुन्हा चढतो. म्हणजे माफी मिळाली, मुक्ती राहूनच गेली.

आज मात्र शेतीवर लिहायचं नाही. पापावर लिहायचं आहे. घाबरू नका मंडळी, प्रवचन नाही! पंडिता रमाबाईंचं आणि त्यांच्याविषयीचं जुनं लेखन सध्या पुन्हा वाचते आहे. त्यात 'कृपेने पापातून मुक्ती' ही ख्रिस्ती शिकवण जागोजागी भेटते. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात गाथा आणि ज्ञानेश्वरी. पण या शिकवणीने मला बरेच दिवस धरून ठेवलं आहे, आणि कर्जाच्या त्या दोन शब्दांनीच ती मला थोडीफार उलगडली.

शिकवण थोडक्यात अशी. माणूस पापातून स्वतःच्या बळावर सुटू शकत नाही. उपास, दान, यात्रा, चांगली वागणूक यांची कितीही बेरीज केली तरी खातं बरोबर होत नाही. देवच आपण होऊन ते देणं माफ करतो. त्याची किंमत येशूने क्रुसावर भरली आहे. माणसाने ते विश्वासाने स्वीकारायचं. या फुकट मिळालेल्या देण्याला कृपा म्हणायचं.

हे ऐकलं की आपल्याकडे लगेच प्रश्न येतो. मग सोपंच झालं की! पाप करायचं, नाव घ्यायचं, मोकळं व्हायचं. कर्जमाफीच्या वेळी जे हप्ते वेळेवर भरत होते तेही हेच म्हणत होते ना, की "आम्ही काय पाप केलं?"

गंमत म्हणजे हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. येशूनंतर काही वर्षांनी पौलाने रोममधल्या ख्रिस्ती मंडळींना पत्र लिहिलं. बायबलमध्ये ते 'रोमकरांस पत्र' म्हणून आहे. त्याच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच या शंकेने होते. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? पौल म्हणतो, मुळीच नाही. त्याचं कारण त्याने गुलामगिरीच्या भाषेत सांगितलं आहे. त्याच्या काळी गुलाम घरोघर होते, ऐकणाऱ्यांना ते लगेच कळत असणार. पाप म्हणजे वहीतली एखादी नोंद असं तो मानत नाही. पाप हा मालक आहे, आणि माणूस त्याच्या दावणीला बांधलेला आहे. कृपेने मालक बदलला. आता जुन्या मालकाच्या दारात कशाला जाशील, असा त्याचा सवाल. त्याच अध्यायाच्या शेवटी तो पापाचं फळ मजुरी म्हणून सांगतो आणि देवाचं देणं देणगी म्हणून. मजुरी कमवावी लागते. देणगी कमवता येत नाही.

मजुरीवरून येशूची एक गोष्ट आठवते. मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तिथे द्राक्षमळा आहे, मी ती आपल्या शिवारात आणून सांगते. समजा निंदणाला बाया लावल्या. काही सकाळीच आल्या, काही दुपारी, एक बिचारी दिवस मावळायला तासभर राहिला तेव्हा आली. संध्याकाळी शेतमालकाने सगळ्यांना सारखाच रोज दिला. सकाळच्या बाया भांडणार की नाही? गोष्टीतले मजूरही भांडले. मालक म्हणाला, तुमचा ठरलेला रोज तुम्हाला दिला, माझं मी कुणाला किती द्यावं हे मला ठरवू द्या. शाळेत न्याय म्हणजे ज्याचे त्याला गुण, हे शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला अजिबात आवडली नव्हती. पण शेवटी आलेल्या बाईच्या घरीही चूल तेवढीच मोठी असते, हे त्या मालकाला दिसत होतं. सकाळच्या बायांना ते दिसत नव्हतं.

आता आपल्या वर्ध्याच्या माणसाकडे येते. गांधीजी वर्ध्याला आणि मग १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले त्याच्या खूप आधीची गोष्ट. १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला होते. वय तेवीस-चोवीस. तिथे त्यांची अनेक भाविक ख्रिस्ती माणसांशी ओळख झाली. त्यांतला एक प्लिमथ ब्रदरन नावाच्या पंथाचा होता. आत्मकथेत गांधीजींनी हा प्रसंग लिहिला आहे. तो गृहस्थ त्यांना म्हणाला, तुम्ही सारखा आपल्या चुकांचा विचार करता, सारखं प्रायश्चित्त घेता, अशाने तुम्हाला शांती कशी मिळणार? पाप तर माणसाच्या हातून होणारच. येशूने त्याचं ओझं उचललं आहे, ते त्याच्यावर टाका आणि मोकळे व्हा. यावर गांधीजींचं उत्तर असं की मला पापाच्या परिणामातून सुटका नको आहे, पापातूनच सुटका हवी आहे. ती मिळेपर्यंत मी अस्वस्थच राहीन. पुढे ते लिहितात की त्या गृहस्थाने आपलं म्हणणं खरं करून दाखवलं. त्याने जाणूनबुजून काही चुका केल्या आणि त्याबद्दल आपल्याला काही वाटत नाही हे दाखवून दिलं!

म्हणजे गांधीजींना माफी नको होती, मुक्ती हवी होती. आपल्या सगळ्यांना हे उत्तर पटतं. मलाही पटतं. नुसती माफी घेऊन मोकळे होणारे प्रत्येक धर्मात आहेत. घरी बायकोला मारणारा माणूस दरवर्षी तीर्थाला जाऊन पापं धुऊन येतो आणि आठ दिवसांनी पुन्हा हात उचलतो. असे नमुने आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. डीट्रिश बॉनहोफर नावाचा जर्मन पाद्री हिटलरच्या विरोधात उभा राहिला आणि १९४५ मध्ये फाशी गेला. त्याने १९३७ साली अशा माफीला 'स्वस्त कृपा' म्हटलं होतं. त्याच्या धर्मातल्या माणसांना उद्देशूनच म्हटलं होतं.

पण गांधीजींनी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहे. सगळे ख्रिस्ती असं मानत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचे तिथले मित्र कोट्स हे देवाला भिऊन वागणारे, निर्मळ मनाचे होते. मग ती दुसरी माणसं कृपा म्हणजे काय समजत होती? त्याचं उत्तर मला रमाबाईंकडे मिळालं.

रमाबाईंचं चरित्र बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडं सांगते. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थांतून फिरत असे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण अन्नावाचून गेले. भाऊ आणि त्या पायी फिरत कलकत्त्याला पोचल्या. तिथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. भाऊ गेला, मग लग्न झालं, मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. वय वर्षं तेवीस. एवढ्या वयात केवढं हे! लहानपणी त्यांनी व्रतं केली, स्नानं केली, अनुष्ठानं केली. घरातल्यांनी होतं नव्हतं ते दानात घातलं. काही फिटलं नाही, काही फळलं नाही, ही त्यांची पुढे आयुष्यभराची तक्रार.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथल्या सिस्टर्सच्या मठात राहिल्या. त्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलम भागात आपलं एक काम दाखवायला नेलं. ज्यांना जग 'पतित' म्हणतं अशा बायकांसाठी ते घर होतं. तिथून बाहेर पडलेल्या काही बायका त्यांना भेटल्या. त्या आता आजाऱ्यांची, अपंगांची सेवा करत होत्या. रमाबाई चकित झाल्या. अशा बाईला पुन्हा उभं करायचं असतं हे त्यांनी जन्मात पहिल्यांदाच पाहिलं होतं, असं त्यांनीच लिहिलं आहे. त्यांनी एका सिस्टरला विचारलं, तुम्ही हे का करता? सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. गावाबाहेरच्या विहिरीवर एकटी पाण्याला आलेली बाई, पाच नवरे झालेली. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिचं सगळं पूर्वायुष्य त्याला ठाऊक असतं, तरी तिच्याशी बोलत बसतो. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपली असं आपल्याला वाटतं. पण १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत रमाबाई वेगळंच सांगतात. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं आपल्याला शांती नव्हती, असं त्या म्हणतात. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता. म्हणजे घर बदललं, पण वही तीच राहिली! आधी व्रतं मोजत होत्या, आता बाप्तिस्मा, प्रार्थना आणि नियम मोजत होत्या. १८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाद्र्याचं आत्मकथन आलं. हा माणूस कित्येक वर्षं चर्चमध्ये उपदेश करत होता आणि एके दिवशी स्वतःचाच उपदेश करता करता त्याचं मन पालटलं! ते वाचून रमाबाई विचार करू लागल्या. मग त्यांना कळलं की आपल्याला काही कमवायचं नाही. अटी पुऱ्या झाल्यावर, पुढच्या जन्मी, कधीतरी, असं काही नाही. आहे तशी मी, आज, आत्ता.

जर्मनीत मार्टिन ल्यूथरच्या बाबतीतही असंच घडलं होतं. मठात राहून उपास आणि जागरणं करून तो थकला आणि त्याला पौलाच्या त्याच रोमकरांसच्या पत्रात वाट सापडली. त्या काळी चर्च पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या चिठ्ठ्या विकत होतं. त्याविरुद्ध तो १५१७ मध्ये उभा राहिला. माफीचा बाजार मांडला गेला तेव्हा कृपेचं नाव घेऊनच त्याला विरोध झाला, हे लक्षात घ्यायला हवं.

आता गांधीजींची कसोटी रमाबाईंना लावू. कृपा मिळाल्यावर ही बाई प्रिटोरियाच्या त्या गृहस्थासारखी हात झटकून बसली का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आपला वर्धा जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात होता. लहानपणी जी भूक स्वतः सोसली तीच पुन्हा डोळ्यांसमोर. तिथून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि विधवा आणल्या आणि पुण्याजवळ केडगावला ठेवल्या. त्या वसाहतीला नाव दिलं 'मुक्ती'. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांहून जास्त माणसं होती. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायका चालवत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. ते याच बायकांनी छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, बायबल १९२४ मध्ये पूर्ण होऊन बाहेर आलं.

आणि त्या मुक्तीमध्ये एक घर होतं, 'कृपासदन'. फुलमला पाहिलेलं ते काम. फसवल्या गेलेल्या, टाकल्या गेलेल्या, गावाने ज्यांचं नावही घेणं सोडलं अशा बायकांसाठी. मला हे नाव फार बोलतं. 'मुक्ती' हे सगळ्या वसाहतीचं नाव, आणि जिथे सर्वांत हिणवलेल्या बायका राहायच्या त्या घराचं नाव 'कृपा'. आधी सुधारून ये, मग आत घेऊ, असं तिथे कुणाला म्हटलं असतं तर ते घर रिकामंच राहिलं असतं. आधी दार उघडायचं. पानावर भात वाढायचा. मग हळूहळू ती बाई सूत कातू लागते, वाचू लागते, दुसऱ्या आजारी बाईच्या उशाशी बसू लागते. माफी आधी, मुक्ती मागाहून. गांधीजींना जी मुक्ती हवी होती तीच रमाबाईंनाही हवी होती. फरक क्रमाचा आहे. मुक्ती कमावल्यावर शांती, असं गांधीजी म्हणत होते. रमाबाईंचा अनुभव असा की शांती आधी फुकट मिळाली, आणि तिच्याच जोरावर उरलेलं आयुष्य कामात गेलं.

रमाबाईंच्या कामावरून पुण्यात वादळ उठलं होतं हेही सांगायला हवं. त्यांच्या शारदासदनात मुली ख्रिस्ती होतात, अशी हाकाटी १८९३ मध्ये झाली, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे मदतनीसही सल्लागार मंडळातून बाजूला झाले. अडलेल्या माणसाला मदत करताना त्याच्यापुढे आपला धर्म ठेवावा का, हा प्रश्न मला आजही अवघड वाटतो. त्यावर मी रमाबाईंच्या बाजूने सरसकट उभी राहणार नाही. पण त्या बायकांना त्या वेळी दुसरं कुठलं दार उघडं होतं, हेही विचारल्याशिवाय राहवत नाही.

हे सगळं वाचताना मला आमच्या नात्यातल्या एक काकू आठवत राहिल्या. नाव लिहीत नाही, नात्यातले वाचणारे ओळखतील. देवळी तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांचं घर. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा हगवणीने गेला. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहावं हे तेव्हा खेड्यात कुणाला ठाऊक नव्हतं. काकू त्या दिवशी माहेरी लग्नाला गेल्या होत्या, मूल आजीपाशी ठेवून. परत आल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर चाळीस वर्षं त्या बाईने गोड खाल्लं नाही. एकादशी, सोमवार, चतुर्थी, सगळं धरलं. चहा सोडला, चपला सोडल्या. गावात कीर्तनकार आले की कीर्तन संपल्यावर सगळ्यांत शेवटी पाया पडायला जायच्या आणि हळूच विचारायच्या, "महाराज, माह्यं फिटलं असन का जी?"

कुणी म्हणायचं, आणखी एक व्रत करा. कुणी म्हणायचं, मागच्या जन्मीचं आहे, पुढच्या जन्मी फिटेल. माझी आई त्यांना नेहमी सांगायची, अहो वहिनी, तुमचं पाप नव्हतंच हो ते, पोराला आजार झाला होता. खरंच होतं ते. पण काकूंना त्याचा काही उपयोग झाला नाही. त्या मान हलवायच्या आणि उपास चालू ठेवायच्या. त्यांना वाद नको होता. त्यांना कुणीतरी अधिकाराने 'फिटलं, ऊठ' म्हणायला हवं होतं. तसं कुणी म्हटलं नाही. त्या तशाच गेल्या.

बरं, कृपा काही आपल्याकडे नव्हती असं नाही. गीताई मंदिरात कधी गेलात तर नवव्या अध्यायाच्या शिळांपाशी जरा थांबा. अत्यंत दुराचारी माणूससुद्धा मनापासून भजू लागला तर त्याला साधूच समजावं, आणि मग तो लवकरच धर्मात्मा होतो, असं तिथे सांगितलं आहे. क्रम पाहिलात? आधी साधू म्हणायचं, सुधारणा मागाहून! विठ्ठलाला पतितपावन आपण रोज म्हणतो. रेव्हरंड टिळकांना, म्हणजे 'केवढे हे क्रौर्य' वाल्या ना. वा. टिळकांना, १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाने नवा करार दिला, आणि १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. पण आपण तुकारामाच्या पुलावरून येशूकडे आलो, असं ते सांगत. पूल होता म्हणून तर येता आलं. विनोबांनीही बायबलमधलं निवडक वेचून 'ख्रिस्तधर्मसार' करून ठेवलं आहे. तेव्हा कृपा पोथीत होती, अभंगात होती, शेजारच्या धर्मातही होती. काकूंच्या अंगणापर्यंत तेवढी पोचली नाही.

कृपा पोचवतात ती माणसंच, असं मला वाटू लागलं आहे. आणि इथे पुन्हा गांधीजी येतात. सेवाग्रामला बापूकुटीच्या जवळच परचुरे कुटी आहे. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते. त्यांना महारोग झाला होता. हा रोग म्हणजे मागच्या जन्मीचं पाप असं तेव्हा सगळे मानत. ते सेवाग्रामला आले, गांधीजींनी त्यांना जवळ ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांचं अंग चोळून दिलं. तो फोटो पाहिलाच असेल तुम्ही. हा माणूस या जागेच्या लायक आहे का, असं कुणी विचारलं नाही. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला महारोग्यांसाठी काम सुरू केलं, तेही याच वर्ध्यात. आंधळ्या माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? तो म्हणाला, कुणाचंच नाही, आणि त्याने त्याचे डोळे बरे केले. प्रिटोरियात ज्यांना फुकटची कृपा पटली नव्हती, त्या गांधीजींनी सेवाग्रामला स्वतःच्या हातांनी ती वाटली!

एक मात्र कबूल करते. ख्रिस्ती माणूस म्हणेल की कृपा क्रुसावरून येते, तिथे किंमत भरली गेली म्हणून ती आपल्याला फुकट आहे. कर्जमाफीतही बँकेचे पैसे सरकारी तिजोरीतून कुणीतरी भरतंच. घेणाऱ्याला फुकट, पण देणाऱ्याला फुकट नाही. एवढं मला समजतं. पण ती फक्त त्याच एका वाटेने येते, इथपर्यंत मी जाऊ शकत नाही. रमाबाई गेल्या, त्यांच्या मागे त्यांचं सगळं सोसणं होतं. मी त्यांच्यापासून क्रम तेवढा शिकले, आणि तो शाळेतही खरा ठरताना पाहिला आहे. वर्गातला मागच्या बाकावरचा, सगळ्यांनी 'वाया गेला' म्हणून सोडलेला मुलगा. त्याला 'आधी सुधार, मग बघू' म्हणणाऱ्या शिक्षकांकडे तो कधीच सुधारला नाही. एखाद्या शिक्षकाने काहीही न विचारता पुढच्या बाकावर बसवलं, खडू आणायला पाठवलं, आणि पोरगा बदलायला लागला. दर वेळी बदलतो असं नाही. पण बदलला तर याच क्रमाने.

काकूंसारखी माणसं प्रत्येक घरात एखादं तरी असतं. कुणी आईच्या शेवटच्या दिवशी पोचू शकला नाही, कुणी भावाचा हिस्सा दाबला आणि आता भाऊ उरला नाही, कुणाची दारू सुटली पण बायको परत आली नाही. ती उघड विचारत नाहीत. जास्तीचे उपास करतात, जास्तीची कामं अंगावर घेतात, सणाला कोपऱ्यात बसतात. त्यांना आणखी एक व्रत सांगू नये. त्यांच्या पानात गोडाचा घास वाढावा आणि म्हणावं, जेव, झालं ते झालं. भावाचा हिस्सा दाबला असेल तर तो परत करायलाही त्याच जेवणाने बळ येईल. उपाशी माणूस देणं फेडत नाही.

असो. फार लांबलं. कधी पुण्याकडे जाणं झालं तर दौंडच्या वाटेवर केडगाव लागतं. रमाबाईंचं मुक्ती मिशन आजही तिथे चालू आहे. मला एकदा जायचं आहे, गुडघे साथ देतील तर! तुमच्यापैकी कुणी जाऊन आलं असेल तर जरूर कळवा.